‘र’ला काना

कडूबा कासाराचे दोन्ही डोळे धड आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या कोथळखेडात त्याला तीस वर्षांपासून ‘काना शेठ’ म्हणतात, आणि खामगावचा एखादा नवा व्यापारी त्याच्या दुकानात पहिल्यांदा येतो तेव्हा गल्ल्याशी जरा वाकून कोणता डोळा गेलाय ते पाहून घेतो. आमच्याकडच्या बोलीत हिंदी इतकी मुरली आहे की काना म्हणजे एका डोळ्याचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अक्षराच्या उजव्या हाताला उभी राहते त्या रेघेलाही काना म्हणतात, याची मात्र आठवण करून द्यावी लागते. कडूबाचा काना तो रेघेचा.

नावही त्याचं तसंच. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं तिसऱ्याचं नाव कडूबा ठेवलं. मरणानं तोंडात घेतलंच तर थुंकून द्यावं, हा हेतू. हेतू सफल झाला. कडूबा जगला, आणि नावाला जागला.

दुकान बापाचं. तेव्हा ते बसस्टँडसमोर टिनाच्या शेडमध्ये होतं. भांडी विकायची आणि भांड्यांवर नावं टाकायची, असा दुहेरी धंदा. लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव नसेल तर ते आपण दिलं याला पुरावा काय, असा आमच्याकडे रोकडा विचार असतो. त्यामुळे परातीपासून चमच्यापर्यंत सगळ्यावर नाव हवं. गिऱ्हाईक मजकूर चिठ्ठीवर लिहून देतं, आणि चिठ्ठीत जे ते भांड्यावर, हा बापाचा नियम. बाप म्हणायचा, “आपल्याले वाचता येते. तपासता येत नाई.” या नियमानं त्यानं एकदा एका घागरीवर ‘सप्रेत भेट’ असं टाकून दिलं होतं. गिऱ्हाईक घागर घेऊन गेलं, नवरीनं त्या घागरीनं वीस वर्षं पाणी भरलं, कोणाला काही झालं नाही.

बाप गेला आणि दुकान बावीस वर्षांच्या कडूबाकडे आलं. त्याच साली, म्हणजे चौऱ्याण्णवला, शंकररावांच्या पुष्पांजलीचं लग्न निघालं.

शंकरराव म्हणजे तेव्हाचे नगराध्यक्ष. नव्वद एकर काळी जमीन, जीपगाडी, आणि बोलताना समोरच्याकडे न बघण्याची सवय. त्यांना सगळं गाव बापूसाहेब म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. कडूबाला अरे-तुरे. पुढे कडूबा नगराध्यक्ष झाला तरी गावाच्या जिभेनं यात बदल केला नाही. मीही गावाचाच आहे.

लग्नात पाहुण्यांना द्यायला पाचशे एक स्टीलचे गडू सांगितले होते. प्रत्येक गडूवर मजकूर: ‘चि. सौ. कां. पुष्पांजली हिच्या विवाहप्रीत्यर्थ नगराध्यक्ष शंकरराव यांजकडून सप्रेम भेट.’ चिठ्ठी शंकररावांनी स्वतः लिहून दिली. कडूबानं नऊ दिवस मशीनवर बसून पाचशे एक गडू पुरे केले आणि बैलगाडीतून मंडपात पोचवले. त्याला जेवणाचं निमंत्रण होतं. त्यानं त्यासाठी नवा शर्ट शिवला.

पहिल्या पंगतीत माणिकराव गुरुजी होते. शाळेत चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. छापलेलं, कोरलेलं, भिंतीवर रंगवलेलं काहीही वाचल्याशिवाय त्यांना सोडवत नसे. चूळ भरून त्यांनी गडू डोळ्यांजवळ नेला आणि पंगतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “शंकरराव, नगर आहे, पण अध्यक्ष बसायचा राहिला. नगरध्यक्ष लिहिलंय. ‘र’ला काना नाही.”

पंगतीतल्यांनी आपापले गडू फिरवून पाहिले. मग एक जण हसला. कोण हसला ते शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर कदाचित कडूबा वाचला असता.

शंकररावांनी त्याला बोलावलं. “काऊन बे, माहा काना कुठी गेला?”

“चिठ्ठीप्रमाणे टाकलं, बापूसाहेब. तुमचीच चिठ्ठी हाय.” कडूबानं नव्या शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढून दिली. भांडं गिऱ्हाइकाच्या घरात जाईपर्यंत कासाराचं पोर चिठ्ठी सोडत नाही.

शंकररावांनी चिठ्ठी वाचली. बराच वेळ वाचली. मग तिची बारीक सुरळी केली, उजव्या कानात घालून फिरवली, डोळे मिटून थोडं बरं वाटू दिलं, आणि सुरळी आचाऱ्याच्या भट्टीत टाकली.

“कोणती चिठ्ठी?” ते म्हणाले. पाहुणे बघत होते. “काना यानंच खाल्ला. माहा काना खाऊन लेकाचा पुन्हा जेवाले आला. आता आधी काने, मंग जेवण.”

या वेळी सगळा मंडप हसला, गुरुजी धरून.

वाटलेले गडू परत गोळा केले. लाईट गेलेली होती, त्यामुळे मशीन चालेना. हात धुवायच्या जागेशेजारी पाट टाकून कडूबाला बसवलं आणि हातात छिन्नी-हातोडी दिली. एका कान्याला तीन ठोके लागतात. टक, टक, टक. एकेक पंगत उठायची, त्याच्या अंगावर शिंतोडे उडवत हात धुवायची, आणि जाताना एखादा विचारायचा, “किती काने झाले बे?” पोरांनी तर गाणंच केलं. संध्याकाळी पाचला काने संपले. मोजले तर पाचशे भरले. एक गडू सापडलाच नाही.

शंकररावांच्या पत्नी कौशल्याबाईंनी एक ताट झाकून ठेवलं होतं. कडूबा जेवला नाही. बाईंनी ते ताट गड्याबरोबर त्याच्या घरी पाठवलं. कडूबानं ते कुत्र्याला घातलं, कुत्र्यानं सगळं चाटून खाल्लं, आणि कडूबानं त्याचाही राग धरला.

त्या दिवसापासून तो काना. आणि त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच गोष्ट: शंकररावांना सगळ्यांसमोर पाटावर बसवायचं, हातात छिन्नी द्यायची, आणि ‘र’ला काना द्यायला लावायचं. शंकररावांचं वाटोळं वगैरे त्याला नको होतं. एकच काना हवा होता. तीन ठोक्यांचा.

माणसाला एवढं नेमकं काही हवं असलं की त्याची भरभराट होते. टिनाची शेड गेली, बाजारपेठेत दुमजली दुकान आलं. चिखली-अमडापूरपर्यंतचे लोक लग्नाची भांडी कोथळखेडातून नेऊ लागले. भांडी विकणाऱ्याला गावाची जेवढी माहिती असते तेवढी पोलिसालाही नसते. कोणाच्या घरात कोणत्या मामानं दिलेला हंडा आहे, कोणी दुसऱ्याचं नाव घासून आपलं टाकून घेतलं, कोणाचा पितळी पितांबरी संसार मोडीत निघाला, हे सगळं कडूबाला तोंडपाठ.

आणि एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती, ती पुढाऱ्यांच्या आली नव्हती. गावात घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, मोटारसायकल दिराच्या नावावर. बाईचं नाव कुठे असतं? भांड्यावर. तेही बहुतेक वेळा ‘अमक्याकडून’ असं देणाऱ्याच्या नावाखाली दबलेलं. नगराध्यक्षपद थेट निवडणुकीचं झालं आणि ओबीसीसाठी सुटलं, त्याच्या आदल्या वर्षी कडूबानं मशीन उचललं आणि गल्लोगल्ली जाऊन बसला. “बाई, तुमच्या स्वतःच्या नावाचं एक भांडं आणा. फुकट नाव टाकून देतो. चिठ्ठी तुम्हीच द्या.” ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी पोरींकडून चिठ्ठ्या लिहून आणल्या. मंजुळाबाई नावाच्या एका म्हातारीनं तवा आणला. तव्यावर नाव टाकून काय उपयोग, जळून जाईल, असं कडूबा म्हणाला. मंजुळाबाई म्हणाली, “जळू दे. पण हाय, एवढं मले माहीत रायते.”

निवडणुकीत त्याला चिन्ह मिळालं प्रेशर कुकर. शंकररावांनी आपला माणूस उभा केला होता. त्यानं हरकत घेतली की मतदान केंद्राजवळच उमेदवाराचं दुकान आहे आणि त्यात चिन्ह मांडून ठेवलंय. अधिकारी आले. मोजले तर दोनशे चाळीस चिन्हं निघाली. त्यांनी सगळ्या कुकरांवर पांढरी चादर टाकायला लावली. मतदानाच्या दिवशी रांगेतला प्रत्येक माणूस शेजारच्याला विचारत होता, “त्या चादरीखाली काय हाय?” आणि शेजारचा सांगत होता. कडूबा साडेतीन हजारांनी आला.

अशा रीतीने ‘नगराध्यक्ष’ हा शब्द कडूबाच्या नावामागे लागला. काना धरून. खुर्चीत बसल्यावर त्यानं मुख्याधिकाऱ्यांना पहिला प्रश्न विचारला, “शंकररावांचा काही अर्ज आला हाय का?”

मुख्याधिकारी होते अश्वजित वानखडे. स्पर्धा परीक्षा देऊन आलेला तरुण, शुद्ध बोलणारा, शुद्ध लिहिणारा, त्यामुळे ऑफिसात जरा एकटा पडलेला. ते म्हणाले, “आलाय, सर. त्यांच्या घरासमोरचा नळ दुरुस्त करायचाय.”

कडूबानं अर्ज वाचला आणि लाल पेनानं ‘दुरूस्ती’तला ‘रू’ गोल केला. खाली लिहिलं: अशुद्ध. शुद्ध करून स्वहस्ताक्षरात पुन्हा सादर करावा. तो अर्ज सात वेळा परत गेला. बापाचा नियम होता की तपासणं आपलं काम नाही. एका माणसापुरता कडूबानं तो मोडला. शंकररावांच्या घरी शब्दकोश आला असं म्हणतात. पण त्यांना शुद्ध लिहिता कधीच येत नव्हतं, आणि आयुष्यभर त्यांच्या अशुद्धाला शुद्ध मानणारी माणसं भोवती असल्यानं ते शिकायची वेळही आली नव्हती. सव्वा वर्ष त्यांच्या दारात नळाची धार वाहत राहिली.

हे सगळं किरकोळ होतं. खरी संधी चालून आली ती कौशल्याबाई गेल्यावर.

शंकरराव तेव्हा ऐंशीच्या पुढे गेले होते. एके दिवशी काठी टेकत ते नगरपरिषदेत आले. तीन वेळा ज्या केबिनमध्ये बसले होते तिच्या दारात उभे राहून त्यांनी आत यायची परवानगी मागितली. कडूबानं ती लगेच दिली नाही. समोरच्या कोऱ्या कागदावरून थोडा वेळ नजर फिरवली आणि मग म्हणाला, “या, बापूसाहेब. बसा.”

“बसत नाई. गुडघे दुखतात, मंग उठता येत नाई.” ते भिंतीकडे बघत बोलले. ती सवय गेली नव्हती. “बसस्टँडमागची अर्धा एकर देऊन राह्यलो. बायायसाठी सभागृह बांधा. कौशल्याबाईचं नाव द्या. दुसरं काही मांगत नाई.”

“देतो ना. काऊन नाई देनार.”

“हाव?”

“उद्घाटन तुमच्याच हातानं करू. पितळेची पाटी लावतो, मी स्वतः कोरतो. कौशल्याबाईचं नाव, तुमचं नाव, अन् खाली नगराध्यक्ष म्हणून माहं. फक्त ‘र’ले काना नाई देत.” कडूबानं पेनाचं टोपण लावलं. “तो तुम्ही द्याचा. पाटावर बसून. सर्व्यायसमोर.”

शंकररावांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. “तीस वर्षं झाली रे.”

“एकतीस.”

“अन् नाई दिला त?”

“त सभागृहाले नाव देताना लई मोठ्या लोकायची यादी हाय आपल्याकडे.”

म्हातारा काठीच्या मुठीवर अंगठा घासत उभा राहिला. मग विचारलं, “हातोडी कोणाची?”

“तेच. जपून ठेवली हाय.”

“ठीक हाय,” शंकरराव म्हणाले, आणि गेले.

सभागृह सात महिन्यांत उभं राहिलं. आमच्या नगरपरिषदेच्या इतिहासात दुसरं काहीही सात महिन्यांत उभं राहिलेलं नाही. सुडाच्या हेतूनं का होईना, पण विकास होतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. सभागृहात पंखे आहेत, मागे स्वयंपाकघर आहे, आणि बायकांच्या संडासाला आतून कडी आहे.

पाटीचा मजकूर कडूबानं स्वतः लिहिला. अश्वजित साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, “सर, नगराध्यक्षमधला काना राहिलाय.”

“राहू द्या.”

“मग मजकुराखाली सही करा, सर. फाईलला लावतो. उद्या ऑडिटमध्ये मला विचारतील.”

कडूबानं सही केली. त्यावर शिक्काही मारला.

उद्घाटनाला गाव लोटलं. कडूबाच्या घरच्या गीताबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत होत्या. या दिवसासाठी नवऱ्यानं किती वर्षं दात खाल्ले ते त्यांना शेजारच्या उशीवरून ऐकू येत असे. मागे पंगतीची तयारी चालली होती. दारात पितळी पाटी भिंतीला टेकवून उभी केली होती, तिच्यासमोर पाट, पाटासमोर छिन्नी आणि हातोडी. कडूबानं लोकांना एकतीस वर्षांपूर्वीचा सगळा किस्सा माइकवरून सांगितला, कारण निम्म्या गावाचा तेव्हा जन्म झाला नव्हता आणि उरलेल्यांना पाटीत काय चुकलंय ते दिसत नव्हतं.

शंकरराव आले. दोघांनी धरून त्यांना पाटावर बसवलं. बसताना गुडघे वाजले ते माइकमध्ये ऐकू आलं. कडूबा बाजूला उभा होता, हात पाठीमागे बांधून. शंकररावांनी छिन्नी उचलली. पाटीकडे बघितलं. छिन्नी पुन्हा खाली ठेवली.

“चिठ्ठी कुठी हाय?”

“कोणती चिठ्ठी?” कडूबाच्या तोंडून निघून गेलं.

“पाटीची. मजकुराची.”

अश्वजित साहेबांच्या हातात फाईल होती. कोणी सरळपणे कागद मागितला की दाखवायचा, हे त्यांना नोकरीच्या आधी शिकवलं होतं आणि नोकरीत अजून विसरायला लावलं नव्हतं. त्यांनी कागद दिला. शंकररावांनी चष्मा लावला.

“ही सही कोणाची?”

“माही,” कडूबा म्हणाला.

“चिठ्ठीत काना हाय?”

“नाई.”

शंकररावांनी माइक मागितला. पाटावर बसूनच बोलले. “गावकऱ्यायहो, माह्या पुष्पांजलीच्या लग्नात गडूवरचा काना राह्यला, तवा म्या या कडूबाले सर्व्यायच्या देखत बसवलं. आज कौशल्याबाईच्या दारात खोटं बोलत नाई. चिठ्ठी माहीच होती. काना म्याच खाल्ला होता. ती चिठ्ठी म्या जाळली. याच्या बापाचा नियम हाय, चिठ्ठीत जे ते भांड्यावर. कडूबा बरोबर होता. मी चुकलो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गीताबाईंनी पदर तोंडाला लावला. कडूबाचे डोळे भरून आले. दोन्ही.

टाळ्या थांबेपर्यंत शंकरराव थांबले. “मंग नियम त नियमच हाय. आज चिठ्ठी कडूबाची हाय, खाली सही हाय, शिक्का हाय. चिठ्ठीत काना नाई. एकदा म्या चिठ्ठीच्या वर जाऊन काने टाकायले लावले, ते पाप झालं. आता मरताना पुन्हा नाई करत.” त्यांनी छिन्नी हातोडीवर आडवी ठेवली. “उठवा मले. पंगत बसली का?”

ते पोटभर जेवले. बुंदी दोनदा घेतली.

पाटी तशीच लागली: नगरध्यक्ष श्री. कडूबा कासार. आता तिथं काना द्यायचा तर तो कडूबानंच द्यायचा. आणि दिला, तर चिठ्ठीत नसलेलं भांड्यावर टाकावं हे कबूल होतं. म्हणजे चौऱ्याण्णव साली शंकररावांनी बसवलं ते योग्य ठरतं. नाही दिला, तर जन्मभराचा नगरध्यक्ष. दुसऱ्या कोणाकडून टाकून घ्यावा तर अश्वजित साहेब म्हणाले, “मंजूर मजकुरात बदल करायला ठराव लागेल, सर. ठरावात कारण लिहावं लागेल.” कडूबाला कारण सुचलं नाही. पुढच्या महिन्यात अश्वजित साहेबांची बदली झाली. त्याचं कारणही कोणाला सुचलं नाही.

कडूबानं हार मानली असं मात्र समजू नये. शंकरराव चौऱ्याऐंशीचे होते आणि मृत्यूचा दाखला नगरपरिषदेतून निघतो. त्यावरचं नाव कोणीतरी चिठ्ठीवर लिहून देतं, आणि चिठ्ठीत जे ते दाखल्यावर. ‘शंकररव’ असा दाखला निघाला की नव्वद एकरांचे वारस तलाठ्यापासून कोर्टापर्यंत एका कान्यासाठी फिरतील. कडूबा दर सोमवारी माणूस पाठवून म्हाताऱ्याच्या तब्येतीची विचारपूस करू लागला. कोथळखेडात कोणी कोणाची इतकी काळजी कधी घेतली नसेल.

एका सोमवारी माणूस परत येऊन म्हणाला, “वाड्याले कुलूप हाय. बापूसाहेब पोरीकडं गेले, जळगाव जामोदले. कायमचे.”

“काऊन?”

“म्हणे, जिथं मरते तिथलाच दाखला निघते.”

कडूबा त्या दिवशी दुकानातही गेला नाही.

आणि मग, पुढच्या निवडणुकीची आचारसंहिता लागायला आठ दिवस असताना, जळगाव जामोदच्या बसमधून कंडक्टरनं एक पुडकं आणून दिलं. आत जुना स्टीलचा गडू. पुष्पांजलीच्या रुखवतात गेलेला, एकतीस वर्षं न सापडलेला पाचशे एकावा. त्यावर अजून ‘नगरध्यक्ष’. गडूत एक चिठ्ठी होती, थरथरत्या अक्षरात: ‘या गडूचा काना राहिला आहे. टाकून द्यावा. शंकरराव, माजी नगरध्यक्ष.’

कडूबानं चिठ्ठी तीनदा वाचली. मग उठून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पुन्हा वाचली. काना नव्हता. म्हाताऱ्याला तो शब्द अजूनही लिहिता येत नव्हता. जी चिठ्ठी भट्टीत गेली होती ती एकतीस वर्षांनी, त्याच हातानं लिहिलेली, त्याच चुकीसकट परत आली होती.

त्यानं पाचशे एक झेरॉक्स काढल्या आणि घरपट्टीच्या बिलाबरोबर घराघरांत पोचवल्या. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. लिहायची गरजच काय, असं त्याला वाटलं. जो वाचील त्याला दिसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेला तर बाहेर रांग. रांगेत बायाच बाया, प्रत्येकीच्या हातात गडू आणि गडूत झेरॉक्स. सगळ्यांत पुढे मंजुळाबाई.

“काय झालं, मंजुळाबाई?”

“काना टाकून दे.”

“हाय की वो याच्यावर काना. म्याच टाकेल हाय तो, मंडपात बसून.”

“चिठ्ठीत त राह्यला म्हणून लिवलं हाय. नातीनं वाचून दाखवलं. नगरपरिषदेच्या बिलासंगं आली चिठ्ठी.”

“चिठ्ठी नीट पाहा. हे खाली पाहा. काय दिसते?”

मंजुळाबाईनं कागद लांब धरला, जवळ धरला. “शंकररावाचं नाव दिसते. बिच्चारे. म्हातारपणी बी गावाची आठवण हाय त्यायले.”

मागच्या बाईनं मान हलवली. तिच्या मागच्या बाईच्या हातात गडू नव्हताच, कढई होती, आणि कढईवर कोणाचंच नाव नव्हतं. “चालते,” ती म्हणाली. “एक काना टाकून द्या फक्त.”

कडूबानं रांगेवरून नजर फिरवली. कोणाच्या तरी चेहऱ्यावर हसू असेल, कोणाला तरी दिसलं असेल, म्हणून शेवटपर्यंत बघितलं. माणिकराव गुरुजी वारून बारा वर्षं झाली होती. अश्वजित साहेब दुसऱ्या जिल्ह्यात होते. निवडणूक महिन्यावर होती, आणि रांग बसस्टँडपर्यंत गेली होती.

“चिठ्ठीप्रमाणे टाक ना,” मंजुळाबाई म्हणाली.

लाईट नव्हती. कडूबानं पाट ओढला, बसला, छिन्नी घेतली आणि आधीच्या कान्याशेजारी दुसरा काना उभा केला. टक, टक, टक.

दुपारी एकला गीताबाई वरच्या मजल्यावरून डोकावल्या. रांग होती तेवढीच होती. “ताट वाढलं हाय,” त्या म्हणाल्या. “जेवून घ्या, मंग बसा.”

कडूबानं मान वर केली नाही.

“आधी काने,” तो म्हणाला. “मंग जेवण.”